व्हिपेटला बोट आवडत नाही

टेरी डार्लिंग्टन यांचं 'नॅरो डॉग टू कार्कासोन' हे पुस्तक २००५ साली आलं. इंग्लंडमध्ये कालव्याच्या काठावर जिथे जिथे जुनी पुस्तकं फुकट ठेवलेली असतात, तिथे ते अजूनही हटकून सापडतं. आमच्या मूरिंगवर कपडे धुण्याच्या खोलीत एक फळी आहे, तिच्यावर त्याच्या दोन प्रती आहेत. दोन्हींची मुखपृष्ठं दमटपणाने फुगलेली. नॅरोबोट घेतली आणि तुमच्याकडे कुत्रा असला, की पहिल्या महिन्याभरात कुणीतरी 'हे वाचलंत का?' म्हणून विचारतंच. आमच्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे मला आतापर्यंत पाच जणांनी विचारलं. मी ते तीनदा वाचलं आहे. हसले तिन्ही वेळा, पण दर वेळी थोडी जास्त अस्वस्थही झाले. त्या अस्वस्थतेबद्दल लिहायचं आहे.

आधी बोटीबद्दल दोन शब्द, कारण न्यू जर्सी किंवा सिडनीच्या वाचकाला ही भानगड ठाऊक असेलच असं नाही. कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नीरेचा किंवा मुठेचा कालवा येतो. पाळी आली की पाणी, एरवी शेवाळ आणि म्हशी. त्यात कुणी बोट घालून राहायला जाईल ही कल्पना आपल्याला शिवत नाही. इंग्लंडातले कालवे शेतीसाठी खणलेलेच नव्हते. ते कोळसा, चिनीमाती, लोखंड वाहायचे रस्ते होते. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट अँड मर्सी कालव्याचे लॉक सात फूट रुंद आणि साधारण बहात्तर फूट लांब ठेवले. कालवा १७७७मध्ये पुरा झाला आणि मध्य इंग्लंडच्या बोटी कायमच्या त्या मापात अडकल्या. आजही नॅरोबोट म्हणजे सहा फूट दहा इंच रुंदीची, आगगाडीच्या डब्याहूनही अरुंद अशी पोलादी खोली. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याच्याही निम्म्याने जायचं, नाहीतर आतला माणूस खिडकीतून डोकं काढून शिव्या देतो.

डार्लिंग्टन दांपत्य स्टॅफर्डशरमधल्या स्टोन गावचं. हे गाव त्याच ट्रेंट अँड मर्सीवर आहे. टेरी आणि मोनिका निवृत्त झालेले, त्यांच्या बोटीचं नाव 'फिलिस मे' आणि कुत्र्याचं जिम. ही सपाट बुडाची, साचलेल्या पाण्यासाठी बांधलेली बोट घेऊन त्यांनी इंग्लिश खाडी ओलांडली आणि फ्रान्सभर फिरत दक्षिणेला कार्कासोन गाठलं. वेडेपणाच होता तो. जाणकारांनी नको म्हणून सांगितलं होतं. वेडेपणाची गोष्ट सांगायला लागते तशीच भाषा डार्लिंग्टन यांच्याकडे आहे. ते संवादाला अवतरणचिन्हं देत नाहीत. कोण बोललं, कोणाच्या नुसतं मनात आलं आणि काय लेखकाने रचलं, ते एकात एक मिसळून जातं. पबमधल्या गप्पा जशा दुसऱ्या दिवशी आठवतात, तसा हा मजकूर आहे. पहिली पन्नास पानं त्रास होतो, मग कान सरावतो.

आणि जिम. व्हिपेट म्हणजे लहान चणीचा, धावण्यासाठी जन्मलेला कुत्रा. लातूरकडचा कारवानी कुत्रा ज्यांनी पाहिला असेल त्यांनी तो अर्ध्या आकाराचा, नाजूक आणि थंडीने कुडकुडणारा करून मनात आणावा. जिमला बोट आवडत नाही. त्याला पब आवडतात, तिथलं खाणं आवडतं, सोफा आवडतो. मालकाचं साहस त्याच्या दृष्टीने निव्वळ छळ आहे. आमचा गुंड्या अर्धा व्हिपेट आहे आणि त्याचंही मत हेच. त्याचं कारणही मला कळतं. टोपाथवरून तो आमच्या पुढे चालत जातो, पुढच्या पुलाखाली बसून राहतो आणि आम्ही पोचलो की असा बघतो, की एवढं डिझेल जाळून तुम्ही नेमकं काय मिळवलंत? कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर बोट हे चालण्यापेक्षा मंद वाहन आहे, आणि वर थरथरतंसुद्धा.

डार्लिंग्टन यांनी हे ओळखलं, यात पुस्तकाचं खरं यश आहे. कुत्र्यावरच्या इंग्रजी पुस्तकांत बहुतेकदा कुत्रा मालकाच्या सुखाची ग्वाही द्यायला असतो. तो शेपूट हलवतो, म्हणजे आपलं आयुष्य बरं चाललं आहे. इथला कुत्रा ग्वाही देत नाही. पु. लं.च्या 'पाळीव प्राणी'मध्ये हसू येतं ते प्राण्यांपेक्षा त्यांच्या मालकांचं. डार्लिंग्टनही स्वतःला तसंच हसायला देतात. उत्साही म्हातारा मालक आणि त्याच्या उत्साहाला भीक न घालणारा कुत्रा, या जोडीवर चारशे पानं तरतात.

मग अडतं कुठे? बोटीपाशी. 'फिलिस मे' पुस्तकात सतत आहे. ती कशी वळते, कशी कलते, भरतीत कशी दिसते, ते कळतं. पण तिला रोज काय काय लागतं, ते कळत नाही. बिघाड येतात ते प्रसंग म्हणून, हशा पिकवून जातात. बोटीवर राहणं म्हणजे प्रसंग कमी आणि क्रम जास्त, आणि हा क्रम वाचकाच्या हाती लागत नाही.

दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढावी लागते. बुडाच्या पत्र्यावरचं शेवाळ आणि शिंपले पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवायचे, गंज खरवडायचा आणि डांबराचे दोन-तीन हात द्यायचे. याला सगळे ब्लॅकिंग म्हणतात. त्याच वेळी बुडाला जोडलेले अॅनोडचे तुकडे तपासायचे. पत्र्याच्या आधी ते झिजावेत म्हणूनच ते लावलेले असतात. डांबर केसांतून निघत नाही, कुत्र्याच्या तर मुळीच नाही, म्हणून ते चार दिवस गुंड्या शेजारणीकडे असतो. दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणीचा दाखला लागतो. दिवसभर बोट चालवली की संध्याकाळी पंख्याच्या दांड्याभोवती ग्रीस भरायचं चाक थोडं फिरवायचं, नाहीतर तिथून पाणी ठिबकतं आणि बुडात साचतं. पाण्याची टाकी भरायला तास जातो. संडासची पेटी स्वतः उचलून नेऊन रिकामी करावी लागते. आपल्या घरातल्या कित्येकांनी हे काम जन्मात केलेलं नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी जातीवर सोपवून आपण निर्धास्त होतो, हे पेटी धुताना आठवल्याशिवाय राहत नाही. हिवाळ्यात शेगडीतली राख रोज काढायची, कोळशाची पोती छपरावर, ओलावा खिडक्यांच्या आतून.

आणि पंखा. बोटीच्या मागे एक झाकण असतं. ते उघडलं की हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून पंख्यात अडकलेलं काढता येतं. इंजिन बंद करून किल्ली खिशात घातल्याशिवाय हात घालायचा नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोऱ्या, एकदा झोपायची पिशवी. बर्मिंगहॅममध्ये एकदा साडी निघाली. सिंथेटिक, जांभळी, जरीच्या काठाची. कापून काढायला पाऊण तास लागला आणि नवरा म्हणाला, बघ, माहेरचा आहेर. त्याच पट्ट्यात नारळही तरंगताना दिसतात, हारही. वाहत्या पाण्यात सोडायचं ते आपण इथे साचलेल्या पाण्यात सोडतो. कालव्यावर आपण फक्त पाहुणे नाही, एवढं त्या साडीवरून कळतं.

कुत्र्याचंही एक वेळापत्रक असतं. सकाळी काठावर उतरवायचं, दुपारी एकदा बोट बांधायची, रात्री चिखलाचे चार पाय पुसायचे. उन्हाळ्यात पोलादी छप्पर तापतं आणि आत भट्टी होते, मग झाड बघून मुक्काम करावा लागतो. पाठीवर पकडायची मूठ असलेलं जाकीट घातलेलं बरं, कारण कुत्रा पडतो तो बहुधा बोट आणि काठ यांच्या फटीत, आणि त्या फटीत बोटीचे पंधरा-वीस टन काठाकडे सरकत असतात. लॉकमध्ये तो बांधूनही ठेवू नये आणि मोकळाही सोडू नये. पाणी उतरतं तेव्हा दोरीचं काय होईल ते सांगता येत नाही. आम्ही त्याला आत ठेवून दार लावतो. तो ओरडतो. जिमसारख्या कुत्र्याला चारशे पानं देणाऱ्या पुस्तकात मला हे हवं होतं: कुत्र्यामुळे बोटीचा दिवस कसा आखला जातो.

ही उणीव एकट्या डार्लिंग्टन यांची नाही, ती या घराण्यातच आहे. इंग्रजीतल्या बोट आणि कुत्रा या जोडीचा आजोबा म्हणजे जेरोम के. जेरोम यांचं १८८९चं 'थ्री मेन इन अ बोट'. ती बोट थेम्सवरची, वल्ह्यांची, नॅरोबोट नव्हे, पण वंशावळ तिथूनच. जेरोम यांचं लग्न १८८८ साली झालं, मधुचंद्राचे दिवस थेम्सवर गेले आणि परतल्यावर त्यांनी हे पुस्तक लिहिलं. पुस्तकात मात्र बायको नाही. तिच्या जागी दोन मित्र आले, आणि माँटमोरेन्सी नावाचा एक फॉक्स टेरियर, जो प्रत्यक्षात नव्हताच. बायको काढली आणि कुत्रा घातला. विनोदासाठी हा बदल किती सोयीचा आहे पाहा. बायको असती तर तिने विचारलं असतं, भांडी कोण घासणार? कुत्रा विचारत नाही.

डार्लिंग्टन यांच्या पुस्तकात मोनिका आहे, आणि ती चांगली रेखाटलेली आहे. तिच्याविना ही बोट स्टोनच्या पुढे गेली नसती, असं वाचताना वाटत राहतं. पण तिचं कर्तृत्व आपल्याला टेरींच्या कौतुकातून कळतं. कुत्र्याला स्वतःचं मत आहे, बायकोला नवऱ्याने दिलेली शाबासकी. तिसऱ्या वाचनात मला हे फार बोचलं.

याच्या उलट टोकाला एल. टी. सी. रोल्ट यांचं 'नॅरो बोट' ठेवून पाहावं. डिसेंबर १९४४मध्ये, महायुद्ध चालू असताना आलेलं. रोल्ट शिकून तयार झालेले अभियंते. १९३९च्या उन्हाळ्यात लग्न करून ते आणि अँजेला 'क्रेसी' नावाच्या जुन्या लाकडी मालवाहू बोटीवर राहायला गेले आणि साधारण चारशे मैल फिरले. पुस्तकाची सुरुवातीची पानं प्रवासाची नाहीतच. ती बॅनबरीच्या टूली कुटुंबाच्या बोटकारखान्यात घडतात, जिथे क्रेसीला घराचं रूप दिलं गेलं. फळी कशी वाफवून वाकवतात, सांधे कसे भरतात, म्हातारा सुतार हत्यार कसं धरतो हे रोल्ट असं बघतात, की वाचणाऱ्यालाही हातात रंधा घ्यावासा वाटतो. त्यांची स्मरणरंजनाची खोड मला रुचत नाही. यंत्रयुगाच्या आधी सगळं सुंदर होतं, हे अभियंत्याने म्हणावं याची गंमतही वाटते. अँजेलाही त्या पुस्तकात जवळजवळ मुकी आहे. १९५१मध्ये क्रेसीचं लाकूड पार कुजलं, तिला सोडून द्यावं लागलं, लग्नही त्याच सुमारास संपलं, आणि अँजेला सर्कसबरोबर निघून गेली. तिने लिहायला हवं होतं.

पण रोल्ट यांनी काम पाहिलं होतं, आणि त्या पाहण्याचा परिणाम झाला. पुस्तक वाचून रॉबर्ट एकमन या लेखकाने त्यांना पत्र लिहिलं, १९४५मध्ये टार्डबिगला, तीस लॉकच्या त्या प्रसिद्ध चढणीजवळ, दोघं भेटले, आणि १९४६मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. पुढे दोघांचं फाटलं. रोल्ट यांना त्यांनीच काढलेल्या संस्थेतून काढण्यात आलं, जे मराठी संस्थांशी परिचय असलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको. पण गाळाने भरत चाललेले, बुजवायला काढलेले कितीतरी कालवे आज वापरात आहेत ते त्या चळवळीमुळे. म्हणजे मी ज्या पाण्यावर बसून हे लिहिते आहे, ते काही अंशी एका पुस्तकाने राखलेलं आहे.

रोल्ट यांच्याहूनही मला जवळच्या वाटतात त्या युद्धकाळात मालवाहू बोटींवर काम केलेल्या बायका. तिघींनी मिळून दोन बोटींची जोडी चालवायची, लंडनहून माल बर्मिंगहॅमकडे आणि येताना कोळसा. त्यांच्या बिल्ल्यावर इनलँड वॉटरवेजची 'आय डब्ल्यू' ही अक्षरं होती, त्यावरून लोक त्यांना थट्टेने 'आयडल वीमेन', म्हणजे रिकामटेकड्या बायका म्हणत. सुझन वुलफिट यांनी १९४७मध्ये तेच नाव पुस्तकाला दिलं, आणि १९४८मध्ये एमा स्मिथ यांचं 'मेडन्स ट्रिप' आलं. या एमा स्मिथ १९४६मध्ये माहितीपट करणाऱ्या चमूबरोबर भारतातही येऊन गेल्या होत्या. 'मेडन्स ट्रिप'मध्ये थकवा आहे, भूक आहे, भांडणं आहेत, हाताला पडलेले घट्टे आहेत, आणि तरी ते विलक्षण आनंदी पुस्तक आहे. डार्लिंग्टन यांच्या विनोदाला जी बैठक हवी होती ती इथे आहे. इथलं हसू कामाच्या आतून येतं.

हे सगळं आता का उगाळायचं, असं कुणी म्हणेल. त्याला कारण आहे. २०१२च्या जुलैमध्ये सरकारने इंग्लंड-वेल्सचे २,००० मैल जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे सोपवले. २०२३मध्ये सरकारने जाहीर केलं, की २०२७नंतर या संस्थेचं अनुदान दरवर्षी ५ टक्क्यांनी घटत जाईल. लॉकची दारं ओकची किंवा पोलादाची, सगळीच झिजणारी. बांध अडीचशे वर्षांचे. सप्टेंबर २०१८मध्ये पुण्यात मुठेचा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला, तेव्हा घराघरांत शिरलेलं पाणी आपण दूरदेशी बसून फोनवर पाहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये इकडे चेशरमध्ये मिडलविचचा कालवा फुटला, बोटी गाळात टेकल्या, आणि तो पुन्हा खुला व्हायला वर्ष सरत आलं. कारण सापडलं ते एवढंच, की लॉकच्या पाण्याच्या झडपा कुणीतरी रात्रभर उघड्या ठेवल्या होत्या. झडप फिरवायची किल्ली सुट्टीवर आलेल्या कुणाच्याही हातात असते. ती कशी वापरावी, आणि नंतर झडप बंद का करावी, हे हशा पिकवणाऱ्या पुस्तकातूनही सांगता आलं असतं.

दुसरं असं, की बोटीवर राहणारे सगळे निवृत्त आणि हौशी नाहीत. भाडं परवडत नाही म्हणून बोटीवर आलेले पुष्कळ आहेत. १९९५च्या कायद्याप्रमाणे ज्यांना कायमची जागा नाही त्यांनी साधारणपणे चौदा दिवसांवर एका ठिकाणी थांबायचं नाही. लेकराची शाळा, नोकरी, आजारपण, सगळं त्या चौदा दिवसांत बसवायचं. २०२४पासून अशा बोटींच्या परवान्यावर अधिभारही आहे. आमच्यापुढे दोन बोटी सोडून एक परिचारिका राहायची. तिच्याकडेही कुत्रा होता, म्हातारा लॅब्रडॉर. रात्रपाळीवरून येऊन ती आधी त्याला फिरवायची, मग संडासची पेटी न्यायची, मग झोपायची, आणि पंधरवडा भरला की सुट्टीच्या दिवशी बोट हलवायची. 'नॅरो डॉग' तिला मी वाचायला दिलं होतं. कुत्र्याचा भाग छान आहे, म्हणाली, बाकीच्यांना वेळ फार आहे.

एवढी कठोर आणि नेमकी समीक्षा मला जमलेली नाही. तरी डार्लिंग्टन यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. कार्कासोननंतर त्यांनी 'फिलिस मे' जहाजावर चढवून अमेरिकेला नेली आणि फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हरपर्यंत चालवली. ते दुसरं पुस्तक २००८चं. त्यात युक्ती तीच, फक्त मगरी जास्त. मला ते कंटाळवाणं वाटलं. २०१२मध्ये आलेलं तिसरं, 'नॅरो डॉग टू विगन पिअर', मात्र वेगळं आहे आणि ते फळीवर सहसा मिळत नाही. त्यात 'फिलिस मे' स्टोनच्याच बोटकारखान्यात आगीत जळून जाते. नवी बोट घ्यावी लागते, जेस नावाची दुसरी व्हिपेट घरात येते, आणि परदेश सोडून ही मंडळी आपल्याच देशाच्या उत्तरेकडच्या कालव्यांवर, जुन्या गिरण्यांच्या गावांतून फिरतात. लेखक म्हातारा झाला आहे आणि ते लपवत नाही. विनोद पातळ झाला आहे, पण गेलेल्या गोष्टींकडे बघायला तो थांबतो. रोल्ट बॅनबरीत जसे थांबले होते, त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी इथे आहे. पहिलं पुस्तक तुमच्या हाती कुणीतरी देईलच. हे तिसरं मात्र मागून घ्या, माझी प्रत परत करायच्या अटीवर. जिम त्यातही आहे, वय झालेला, आणि बोटीबद्दलचं मत त्याने बदललेलं नाही.